आधीचे फोटो आहेत का?

कंपनीचा ट्रेलर शनिवारी दुपारी आवारात येऊन उभा राहिला आणि घरात सरळ दोन तट पडले. ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक लांबलचक पांढरी खोली, आणि तिच्या पोटात नवं एमआरआय यंत्र. "दोन दिवस वापरून बघा. आवडलं तर ऑर्डर द्या, नाही आवडलं तर सोमवारी सकाळी घेऊन जातो," असं इंजिनीअर म्हणाला होता. चपलेचा जोड पायात घालून बघा म्हणावं, इतक्या सहजपणे.

खाली तपासणी केंद्र आणि वर घर, ही या कुटुंबाची अण्णांपासूनची मांडणी. मधे सोळा पायऱ्यांचा जिना. खालचं भांडण वर जायला आणि वरचं खाली यायला त्यामुळे कधीच वेळ लागला नाही. जिन्याच्या भिंतीवर तीन फ्रेम होत्या. पहिल्या फ्रेममध्ये अण्णांचा डावा पंजा, बोटातल्या अंगठीसकट. एक्स-रे यंत्र आलं त्या दिवशी काढलेला. दुसऱ्या फ्रेममध्ये अण्णांच्या सुनेच्या, म्हणजे वहिनींच्या, पोटातली ताई. सोनोग्राफी आली तेव्हाची. ताई तिथे भुईमुगाच्या दाण्याएवढी दिसते आणि आता तीच ताई खाली बसून लोकांच्या सोनोग्राफी करते. तिसऱ्या फ्रेममध्ये पुन्हा अण्णाच, म्हणजे ऐंशी वर्षांच्या अण्णांचं डोकं, सीटी स्कॅनचं. "जे यंत्र घरच्या माणसाला लावायची हिंमत नाही, ते परक्याला लावायचं नाही," हा अण्णांचा नियम. अण्णा गेले, नियम राहिला.

आता चौथ्या फ्रेमची वेळ आली होती आणि आत कोण जाणार हेच ठरत नव्हतं.

रविवार होता, केंद्र बंद होतं. ट्रेलरच्या पायऱ्यांपाशी सगळं घर उभं होतं. भाऊ म्हणजे अण्णांचा मुलगा, चाळीस वर्षं इथले सगळे फोटो वाचणारे डॉक्टर. त्यांनी हात वर केले. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाला या चुंबकाच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नसतं. त्यांची मुलगी ताई कन्सोलवर बसणार होती. राहिला मुलगा. व्यवस्थापनाची पदवी घेऊन आला त्या दिवसापासून सगळे त्याला मॅनेजर म्हणत. हे यंत्र आणायचा ध्यास त्याचाच.

"जा की मग तू," वहिनी मुलाला म्हणाल्या. "तुझं लाडकं आहे ना?"

मॅनेजरने त्या अरुंद बोगद्याकडे पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरकला. "आई, मी लिफ्टने जात नाही, माहितीये ना तुला?"

"पेशंटांना घालणार आणि स्वतः नाही जाणार," भाऊ म्हणाले. "वा रे धंदा."

"बाबा, तुम्ही तर तसेही विरोधातच आहात."

"आहेच मुळी. यंत्र आलं की त्याचं पोट भरावं लागतं. आज डोकं दुखतंय म्हणून आलेल्याला गोळी मिळते. उद्या त्याला आत घालतील. परवा आत काहीतरी बारीकसं दिसेल, त्याच्यासाठी अजून तीन तपासण्या. आणि शेवटी निघणार काय? डोकंच दुखत होतं."

"आणि त्यातल्या एकाच्या डोक्यात खरंच काही निघालं तर?" ताई म्हणाली. "बाबा, जुन्या धाटणीच्या एमआरआयला पाऊण तास लागायचा. हे बारा मिनिटांत करतं. बारा मिनिटं म्हणजे दिवसाला चौपट माणसं, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या निम्म्या दरात देता येईल. लोक आज पैशांसाठी तपासणी पुढे ढकलतात आणि सहा महिन्यांनी दसपट खर्च घेऊन येतात. तुम्हीच सांगता ना?"

बापलेकीचं हे आठवडाभर चाललं होतं आणि दोघांचंही बरोबर होतं, हीच त्यातली अडचण.

"मी जाते," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्या म्हणजे भाऊंची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी अण्णांच्या हाताखाली डार्करूममध्ये शिरली आणि पासष्ट झाली तरी केंद्राबाहेर पडली नाही. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "अंधारात काम करायचे, मी कुणाला दिसलेच नाही." या यंत्राशी तिचं उघड वैर होतं, आणि कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजरने काढलेल्या नकाशात यंत्र बसणार होतं ते तिच्या फोटोंच्या खोलीत. खोलीत जमिनीपासून छतापर्यंत रॅक, रॅकवर चाळीस हजार पाकिटं, पाकिटांत पन्नास वर्षांचे फोटो. मॅनेजरने त्यांचीही सोय लावली होती. जुन्या फिल्ममधून चांदी काढणारा माणूस मंगळवारी टेम्पो घेऊन येणार होता.

"आत्या, तू?" मॅनेजरने विचारलं.

"का? शत्रूच्या घरात एकदा डोकावून बघू नये का माणसाने?" आत्याने केसांतल्या पिना काढून वहिनींच्या हातात ठेवल्या, चष्मा ठेवला, घड्याळ ठेवलं. "कशाचा काढणार गं, डॉक्टरीणबाई?"

"पोटाचा काढते. श्वासाने सगळं हलतं तिथेच यंत्राची खरी परीक्षा."

"काढ. काल जेवलेलं दिसलं तर वहिनींना सांगू नकोस, त्यांना वाटेल मी रात्री डबे उघडले."

आत्या बोगद्यात आडवी झाली तेव्हा तिला आधी हसू आलं. आयुष्यभर ती म्हणत आली होती, "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा." आज तेच शब्द स्पीकरमधून एक अनोळखी बाई तिला सांगत होती. मग यंत्राने ठोकायला सुरुवात केली. भिंतीत कुणी खिळे मारावेत तसा आवाज. आत्याने डोळे मिटले. अंधाराची तिला सवय होती. डार्करूमच्या अंधारात तिने किती हाडं उजळताना पाहिली होती याची मोजदाद नव्हती. खोली जाणार याचं दुःख होतंच. पण तिला खरं सांगायचं तर राग मॅनेजरचा नव्हता. पोरगं मेहनती होतं. राग याचा होता, की चाळीस हजार माणसांच्या हाडामांसाची किंमत त्याने किलोवर काढली होती.

बारा मिनिटांत ठोकणं थांबलं. एवढ्यात झालंसुद्धा, असं वाटून ती चक्क खूश झाली.

काचेपलीकडे ताई खूश नव्हती.

चित्रं सुरेख आली होती, यात वादच नव्हता. यकृत स्वच्छ, पित्ताशय स्वच्छ. आतड्यांच्या कडा इतक्या रेखीव तिने कधी पाहिल्या नव्हत्या. आणि उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला एक गाठ. गोल, दोन सेंटिमीटरला जरा कमी. ताईने चित्र पुढे सरकवलं, मागे आणलं, दुसऱ्या पद्धतीने घेतलेली चित्रं उघडली. गाठ सगळीकडे होती. पाण्याची नव्हती. चांगली आहे म्हणावं असं काही तिच्यात दिसत नव्हतं, आणि वाईट आहे असं छातीठोकपणे सांगता येईल असंही काही नव्हतं. रोज दहाबारा लोकांना ताई अशा गोष्टी शांतपणे सांगत असे. आज तिने तीच चित्रं पुन्हा पहिल्यापासून उघडली.

"काय चित्र आहे ना, मॅडम?" इंजिनीअर मागून कौतुकाने म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. "छान आहे."

आत्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "काय निघालं?" आत्याने चष्मा लावला आणि भाचीकडे नीट पाहिलं. पंचेचाळीस वर्षं तिने डॉक्टरांचे चेहरे वाचले होते. फोटोंपेक्षा तेच तिला जास्त चांगले वाचता येत.

"आत चल," ताई म्हणाली. "बाबांना दाखवायचंय."

भाऊंची फोटो वाचायची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला. एका भिंतीवर जुना व्ह्यूबॉक्स, म्हणजे मागून दिवा लागणारी काचेची पेटी, समोर दोन मोठे पडदे आणि मधे अण्णांची फिरती खुर्ची. सगळे तिथे शिरले. भाऊंनी चित्रं पाहिली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छ असताना.

"सीटी करायचं. औषध शिरेत सोडून," ते म्हणाले. "आजच. सर्जनला मी फोन करतो. लगेच बायोप्सी. गरज पडली तर..."

"बाबा, थांबा."

"काय थांबा? तुला दिसत नाही का?"

"दिसतंय. म्हणूनच म्हणते. बायोप्सीत काहीच ठरलं नाही, असं यातल्या कितीतरी गाठींचं होतं. मग लोक शंका नको म्हणून मूत्रपिंडाचा तुकडा काढतात. कधी कधी अख्खं."

"काढू दे! एकावर माणूस जगतो!"

आठवडाभर 'एका सावलीसाठी तीन तपासण्या' म्हणून गर्जना करणारा हाच माणूस होता. ताईला हसू यायला हवं होतं, पण वडिलांचा आवाज फाटला होता.

मॅनेजर दारात उभा राहून मोठ्या हॉस्पिटलात फोन लावत होता. ओळखीच्या माणसाने त्याला आकडे सांगितले. सीटीचा एक, बायोप्सीचा दुसरा, ऑपरेशन आणि खोलीचा तिसरा. तिसरा ऐकून त्याने भिंतीला पाठ टेकली. रोज तो हेच आकडे इतरांना सांगत असे, फक्त आपले आकडे. त्याला वाटायचं, आपला एक आकडा दिला की माणूस मोकळा झाला. पुढे आकड्यांची अशी रांग लागते हे त्याने कधी रांगेत उभं राहून पाहिलं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर त्याच्या तोंडून निघालंच, "पण बघा ना, यंत्र नसतं तर कळलंच नसतं. यंत्राने आत्याला वाचवलं."

"अजून कुठे वाचवलंय?" ताई फटकन म्हणाली. "अजून फक्त घाबरवलंय."

"तूच तर यंत्र हवं म्हणत होतीस!"

"आताही म्हणतेय. यंत्राने त्याचं काम केलं. आता आपण आपलं करायचंय, ते हे नव्हे."

"मग काय करायचं? बसून राहायचं?" भाऊंनी टेबलावर हात आपटला. "आईचं असंच झालं होतं. अण्णांनी थांबू या म्हटलं होतं."

थांबता थांबता भाऊंची आई गेली हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या काळी पोटाच्या आत पाहायला सुरीशिवाय काही नव्हतं, हेही.

आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. पेशंट ज्या स्टुलावर बसतात त्याच. ती आत येऊन बसल्यापासून एकही माणूस तिच्याकडे पाहून एक वाक्य बोलला नव्हता. तिची गाठ पडद्यावर होती आणि सगळे गाठीशी बोलत होते.

"अरे, मी इथे बसलेय," ती म्हणाली. "जिवंत आहे अजून."

"तू गप्प बस गं," भाऊ म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांना तिला दाखवायचे नव्हते.

त्याच वेळी वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. नणंद-भावजयीचं त्रेचाळीस वर्षांचं मुरलेलं युद्ध होतं. काउंटर वहिनींचा, आतला भाग आत्याचा, आणि सरहद्दीवर रोज चकमकी. चिठ्ठी तिरकी फाडली, पाकिटावर तारीख घातली नाही, पेशंटला आधी आत का सोडला. पण मघापासून वहिनींच्या पदरात आत्याच्या पिना बांधलेल्या होत्या आणि त्या गाठीवर त्यांची बोटं पुन्हा पुन्हा जात होती. वन्संना काही झालं तर आपण भांडायचं कोणाशी, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो इतका खरा होता की त्यांना जिन्यात क्षणभर थांबावं लागलं.

त्यांनी ट्रे ठेवला. स्टुलावर बसलेली बाई पाहिली. घाबरलेली, हात मांडीत घट्ट धरलेले. अशा बाया त्यांनी काउंटरवरून हजारोंनी पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकीला त्या पावती फाडायच्या आधी एकच गोष्ट विचारत. अण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलेली. त्यांनी ती सवयीने विचारली.

"आधीचे फोटो आहेत का?"

भाऊंचा हात हवेत राहिला. ताईने आईकडे पाहिलं आणि मग हळूच दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पन्नास वर्षं या घराने पेशंटला दारातून परत पाठवलं होतं. जा, आधी जुने फोटो घेऊन या, कपाटात असतील, गादीखाली असतील, ते बघितल्याशिवाय नवा काढणार नाही. त्यापायी किती गिऱ्हाईक तुटलं, मॅनेजरने किती डोकं आपटलं. आणि आज घरच्या माणसाची पाळी आली तेव्हा दोन डॉक्टर आणि एक मॅनेजर, कुणालाच ते सुचलं नव्हतं.

"तिचे कुठले असणार?" भाऊ शेवटी म्हणाले. "ती कधी तपासून घेते? साधा ताप आला तरी सांगत नाही."

आत्या जमिनीकडे पाहत होती.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या. त्रेचाळीस वर्षं भांडलेल्या माणसाला समोरच्याची मान खाली जाण्याचा अर्थ कळतो. "आहेत ना?"

"आहे," आत्या म्हणाली. "एक आहे. पण तो असायला नको होता."

"म्हणजे?"

आत्याने चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला. "सीटी आलं तेव्हाची गोष्ट. अण्णा ऐंशीचे. 'पहिला फोटो माझाच' म्हणून हटून बसलेले. दुसऱ्या दिवशी गावातले सगळे डॉक्टर बोलावलेले. आणि आदल्या सकाळी यंत्र दोनदा मधेच बंद पडलं. तेव्हाचा इंजिनीअर म्हणाला, कुणीतरी आडवं झाल्याशिवाय चूक कळायची नाही. मला वाटलं, उद्या सगळ्यांसमोर म्हातारं माणूस आत अडकलं आणि यंत्र बंद पडलं तर? त्यांची मान खाली गेलेली मला बघवली नसती. मग मीच आडवी झाले. तेव्हाही पोटाचाच काढला. यंत्र सुधारलं. इंजिनीअरने फिल्म माझ्या हातात दिली."

"आणि तू सांगितलं नाहीस," भाऊ म्हणाले.

"काय सांगणार? अण्णांनी जिन्यात फ्रेम लावली, खाली स्वतःच्या हाताने 'पहिला' लिहिलं. मी तिथे जाऊन म्हणू, अण्णा, तुम्ही दुसरे?"

बावीस वर्षं ती त्या फ्रेमवरून रोज चारदा वरखाली करत होती. मॅनेजरला एकदम आठवलं, फ्रेमवरची धूळ नेहमी आत्याच पुसायची.

"कुठे आहे फिल्म?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच उत्तर त्याला कळलं होतं.

"खोलीत. तुझ्या चांदीवाल्याच्या टेम्पोत जाणार होती, मंगळवारी."

सगळे फोटोंच्या खोलीत गेले. आत्या कुणाला हात लावू देईना. ती शिडीवर चढली नाही, रॅकही शोधले नाहीत. दारामागच्या खालच्या खणात चाचणीच्या फिल्म होत्या, यंत्र नीट चालतंय का ते बघायला काढलेल्या, ज्यांना पेशंट नसतो आणि पावती नसते. तिथून तिने सरळ एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. पाकिटावर फक्त तारीख होती.

भाऊंनी फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावून दिवा लावला. एका फिल्मवर वीस चौकोन, म्हणजे पोटाचे वीस आडवे काप. त्यांचं बोट पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकत गेलं. चौदाव्या चौकोनापाशी ते थांबलं.

"आहे," ताई पुटपुटली.

गाठ तिथेच होती. उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला. फिल्म धूसर होती, आजच्या मानाने अगदीच ओबडधोबड, पण गाठ होती. भाऊंनी खणातून अण्णांचा पोलादी कंपास काढला, त्याची दोन टोकं गाठीच्या दोन कडांवर ठेवली, मग ती तशीच उचलून फिल्मच्या कडेला छापलेल्या मोजपट्टीवर नेली. मग त्यांनी पुन्हा मोजलं.

"एकोणीस मिलिमीटर."

ताईने पडद्यावरची गाठ मोजली. तीही दुसऱ्यांदा मोजली. "एकोणीस," ती म्हणाली, आणि मग हसायलाच लागली. "बावीस वर्षं, बाबा! एक मिलिमीटरसुद्धा नाही! वाईट असती तर इतकी वर्षं अशी गप्प बसली असती का?"

भाऊ अण्णांच्या खुर्चीत बसले. मग त्यांनी सर्जनला फोन लावला, ज्याला मघाशी घाईघाईने निरोप ठेवला होता. सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"बावीस वर्षं तेवढीच? मग मला कशाला रविवारी उठवतोस? चित्रं दोन्ही पाठवून दे, मी नजर टाकतो. पण मला तरी यात सुरीचं काही काम दिसत नाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी करा आणि मोजा. बहिणीला माझा नमस्कार सांग."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि पिना आत्याच्या हातात ठेवल्या. "घ्या तुमच्या पिना. आणि पाकिटावर नाव नाही घातलंत. नेहमीचंच."

"तारीख घातलीय ना? तुम्ही तर त्यावरूनही भांडता," आत्या म्हणाली, आणि त्या दोघींनी एकमेकींचे हात धरले. किती वेळ धरले हे कुणी मोजलं नाही.

"गंमत बघ," ताई म्हणाली. "तेव्हा हा फोटो कुणी वाचला असता ना, आत्या, तर तुझं मूत्रपिंड गेलं असतं. कुणालाही वाटलं असतं, काढून टाका."

"मी वाचला असता तर मीच म्हणालो असतो," भाऊ म्हणाले. ते लपवायचं त्यांना काही कारण वाटलं नाही.

मॅनेजर बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. "चांदीवाल्याला नको सांगितलं. मंगळवारीही नको आणि नंतरही नको." मग जरा अडखळत म्हणाला, "यंत्राचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काही बोलत नाही."

"घ्यायचं," आत्या म्हणाली.

आता तिच्याकडे सगळेच पाहायला लागले.

"काय बघताय? आवाज फार करतं, पण चित्र काय सुरेख काढतं! हे चित्र नीट नसतं तर कशाशी जुळवलं असतं तुम्ही? बारा मिनिटांत झालं, मला बाहेर आल्यावर वाटलं अजून सुरूच नाही केलं. लोकांनी पाऊण तास कशाला पडून राहावं? घ्या. फक्त माझ्या खोलीत घुसू नका."

"मग बसवायचं कुठे?" मॅनेजरने विचारलं. "दुसरी एवढी जागा नाही."

"ही आहे," भाऊ म्हणाले.

त्यांनी खोलीभर हात फिरवला. व्ह्यूबॉक्स, पडदे, अण्णांची खुर्ची. "मला बसायला काय, एक टेबल लागतं. आत्याच्या खोलीत रॅकच्या मधे टाकेन. तिथे बसून फोटो वाचेन, मागे वळलो की जुना हाताशी. पन्नास वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."

ताईने वडिलांकडे पाहिलं. आठवडाभर 'नाही' म्हणणारा माणूस आपली खोली देत होता आणि चेहरा चक्क उजळला होता. तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

"पण एक अट," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'अट' हा शब्द निघाला की घरात बाकी चर्चा संपत असे. "काउंटरवर मीच बसणार आणि आधी मीच विचारणार. जुन्या फोटोत उत्तर मिळालं तर त्या माणसाला नव्यात घालायचं नाही. नुसतं वाचून द्यायचं आणि घरी पाठवायचं."

"आई, असं करून यंत्राचा हप्ता कसा निघणार?"

"निघेल," ताई म्हणाली. "ज्यांना खरंच लागतं ते कमी नाहीत. आणि निम्मा दर ऐकून तेच येतील जे आज येत नाहीत."

मॅनेजरने मान हलवली. मग त्याच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं. ते त्याच्या भुवयांवरून कळत असे. "आत्या, ही सगळी पाकिटं कॉम्प्युटरवर चढवली तर? नाव घातलं की समोर. पाकीट शोधायला दहा सेकंद."

"मला पाच लागतात," आत्या म्हणाली. "पण चढव. मी कायमची नाही. अजून वीस वर्षं आहे फक्त."

भाऊ उठले. त्यांनी व्ह्यूबॉक्सवरून फिल्म काढली, दोन्ही हातांत धरली आणि दाराकडे निघाले.

"कुठे निघालास?" आत्याने विचारलं.

"जिन्यात. अण्णांची फ्रेम खाली सरकवतो. खरा पहिला फोटो तुझा आहे. बावीस वर्षं उशीर झाला, पण लावतो. अण्णांना मी सांगेन काय सांगायचं ते."

आत्या उठून त्यांच्यापाशी गेली. भावाच्या दंडावर तिने हात ठेवला, जरा दाबला, आणि दुसऱ्या हाताने फिल्म काढून घेतली.

"अण्णा आहेत तिथेच राहू दे," ती म्हणाली.

तिने टेबलावरून एक नवं पाकीट घेतलं. फिल्म आत सरकवली. पेन उघडून वर आपलं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं, जुनी तारीख लिहिली आणि तिच्याखाली आजची. वहिनींनी वाकून तारखा तपासल्या आणि मान डोलावली.

"अगं, पण भिंतीवर नको?" भाऊ म्हणाले.

"भिंतीवर टांगलास तर पुढच्या वर्षी माझी सोनोग्राफी कशाशी जुळवणार?" आत्या म्हणाली, आणि पाकीट घेऊन आपल्या खोलीत ठेवायला गेली.